पहिलं कुंपण

आयुष्यात मी सगळ्यात जास्त हेवा केला तो आमच्या घरमालकांचा, आणि त्यांच्याकडे हेवा करण्यासारखं काहीही नव्हतं. दातांची कवळी होती, ती बोलण्याच्या भरात निसटायची. गाडी होती, तिचा एक दरवाजा आतून सुतळीनं बांधलेला होता. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसर गावात स्वतःचं घर होतं खरं, पण त्याचं तळघर जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्सनी छतापर्यंत भरलेलं, आणि वरचा मजला त्यांनी आम्हाला भाड्यानं दिलेला. बायको त्यांना नव्हती. मला होती. माझं दुखणं तिथेच सुरू झालं.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी टेलिफोनच्या एका कंपनीत इंजिनियर होतो. घरमालक, म्हणजे काका, साठीच्या आसपासचे, मूळचे सांगलीचे, औषधांच्या कंपनीत आकडेमोड करता करता कंटाळून लवकर निवृत्त झालेले. आमचं अख्खं मराठी मंडळ त्यांना काकाच म्हणे. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. दारातच विचारलं, "बेसबॉल बघता?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं वाट बघत होतो. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी जी चर्चा चालायची तिच्यात शिरता यावं म्हणून मी सगळ्या टीमा, सगळे खेळाडू, कोणाचं ॲव्हरेज किती, हे सगळं बोर्डाच्या परीक्षेसारखं पाठ केलं होतं. मी म्हटलं, "अहो, एक गेम मिस करत नाही."

काकांचा चेहरा पडला. "अरेरे," ते म्हणाले, आणि हिच्याकडे वळले. "तुम्ही?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ही म्हणाली.

"उत्तम! घर तुमचं."

काकांचा बेसबॉल शंभर वर्षांपूर्वी संपला होता. हातमोजे आले, वरून हात फिरवून चेंडू टाकायला परवानगी मिळाली, की त्यांचा त्यातला रस गेला. "त्यानंतरच्या सगळ्या बातम्या," ते म्हणत, "इतिहास त्याच्या आधीच आटोपला." काल रात्री कोण जिंकलं हे त्यांना ठाऊक नसे. पण न्यूयॉर्कचे कारकून आणि दुकानदार संध्याकाळी हडसन नदी ओलांडून मोकळ्या मैदानावर कसे यायचे, फलंदाज चेंडू उंच हवा की खाली हे कसं बजावून सांगायचा, मॅच झाल्यावर यजमान क्लब पाहुण्यांना कसं जेवायला घालायचा, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून तो चेंडूच कसा मिळायचा, हे ते असं सांगत की जणू परवाच्या पंगतीत स्वतः वाढायला होते.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती नवख्या माणसापुढे धरून ते म्हणत, "कॅचरचं बोट. उघड्या हातानं चेंडू धरणाऱ्या प्रत्येकाचं असं व्हायचं." समोरचा भारावून बघू लागला की शांतपणे सांगत, "माझं गाडीच्या दारात आलं."

एखाद्यानं म्हटलं की हा खेळ अमुक एका माणसानं अमुक गावी शोधून काढला, तर मात्र ते खवळत. "खेळ कुणी शोधतो का हो? आट्यापाट्या कुणी शोधल्या? सांगा ना, पेटंट कुणाच्या नावावर आहे?" तुम्हाला हा नाद कसा लागला, असं मी एकदा विचारलं. विद्यार्थी असताना खोलीतलं हीटिंग बंद पडलं होतं म्हणून ते दिवसभर लायब्ररीत बसायचे. रेडिएटरच्या शेजारच्या कपाटात जुने क्रीडाविषयक अंक होते. "तिथे फ्रेंच व्याकरण असतं, तर आज मी फ्रेंच झालो असतो."

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. मैदानावरच्या जागेनं मारत. मंडळाचे अध्यक्ष फर्स्ट बेस होते. मला त्यांनी राइट फील्ड केलं. मला बरं वाटलं. आपलं नाव मैदानावर लागलं म्हणून सोमवारी कॉफीपाशी मी ते मोठ्या अभिमानानं सांगितलं. लोक खो खो हसले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका भल्या माणसानं मला बाजूला घेऊन समजावलं: शाळेच्या टीममध्ये ज्याच्याकडे चेंडू कधीच जाऊ नये असं सगळ्यांना वाटतं, त्याला राइट फील्डला उभं करतात.

त्याच ऑफिसच्या फॅमिली डेला काका आमच्याबरोबर आले. बंडी घातलेला, बो-टाय लावलेला, सांगलीच्या इंग्रजीत बोलणारा हा माणूस. अर्ध्या तासात माझा डायरेक्टर, त्याचा डायरेक्टर, दोघांच्या बायका, सगळे त्यांच्याभोवती बीअरचे ग्लास घेऊन उभे. जुन्या काळी हौशी म्हणवणारे क्लब खेळाडूंना चोरून पैसे कसे द्यायचे, हे ते सांगत होते. चांगल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, गावातल्या दुकानात नोकरी द्यायची, आणि त्यानं दुकानात पाऊल टाकायचं नाही. "पैसे घेणं हे पाप नव्हतं," काका म्हणाले, "घेतले म्हणून सांगणं हे पाप होतं." माझ्या डायरेक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, तुझे काका काय ग्रेट आहेत! दोन वर्षं पाठ केलेली ॲव्हरेजेस माझ्या पोटात तशीच राहिली. मी बटाट्याच्या सॅलडच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

पण तो हेवा किरकोळ होता, आज आला उद्या गेला. खरा पुढे आहे.

ही कोल्हापूरला शाळेत भूगोल शिकवायची. इथे आल्यावर व्हिसामुळे काम करायची परवानगी नाही, गाडी एकच आणि ती मी घेऊन जाणार. दिवसभर ही खिडकीतून समोरच्यांच्या लॉनकडे बघायची. मला ते दिसत नव्हतं असं नाही. ग्रीन कार्ड आलं की सगळं ठीक होईल, असं मी म्हणायचो. काकांच्या घरातल्या दुसऱ्या वर्षी ही शनिवारी त्यांच्याबरोबर जवळच्या ट्रेंटन शहरातल्या लायब्ररीत जाऊ लागली. आधी त्याच वाटेवर भारतीय किराणा मिळतो म्हणून, मग किराणा नसतानाही.

शनिवारी सकाळी काका पोहे करत. पोह्यांत शेंगदाणे मोजून घालत आणि प्रत्येकाला सारखे येतात का ते बघत. खाताना हिला शिकवणी चाले. मला ऐकू यायचं, कारण मी पेपर वाचायचं नाटक करत तिथेच बसलेला असे.

"कुंपण घातलं त्या दिवशी धंदा सुरू झाला, स्कोररबाई," काका सांगत. हिला त्यांनी स्कोरर केलं होतं. जुन्या क्लबांमध्ये म्हणे स्कोररचा मान मोठा, तो लिहील तेच खरं. "मोकळ्या मैदानावर कोणीही उभं राहून बघू शकतो. ब्रुकलिनमध्ये बर्फावर घसरायच्या एका जागेला कुंपण होतं. मालकानं तिथे उन्हाळ्यात मॅच ठेवली आणि दारावर पैसे घेतले. झालं! फळीच्या आत गिऱ्हाईक, फळीच्या बाहेर फुकटे."

"आणि खेळाडू?" हिनं विचारलं.

"त्यांच्याभोवतीही पडलंच की नंतर. मालक लोकांनी आपसात ठरवलं, प्रत्येकानं आपापली काही नावं राखून ठेवायची. राखलेल्या माणसाला दुसऱ्या क्लबानं हात लावायचा नाही. करार संपला तरी तो त्याचाच. खेळाडूला विचारलं का? छे! मालक म्हणत, आम्ही हे खेळाच्या भल्यासाठीच करतोय. त्यांना तसं वाटतही असेल."

ब्रुकलिनचं कुंपण सगळ्या जगाला ठाऊक होतं. काकांना शोध होता तो ट्रेंटनच्या पहिल्या कुंपणाचा. आपल्या या कोपऱ्यात तिकिटाचा खेळ कधी सुरू झाला, हे त्यांना हवं होतं. अकरा वर्षं ते मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं बघत होते. मॅचचं वृत्त शब्द न् शब्द वाचत. कुठेही कुंपणाचा उल्लेख नव्हता.

एका रविवारी ते आम्हाला होबोकेनला घेऊन गेले, हडसनकाठचं ते जुनं मैदान दाखवायला. तिथे कॉफीचा कारखाना आणि रस्ता होता. काका दोन मोटारींच्या मध्ये उभे राहिले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "इथे थर्ड बेस." एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला. मी फुटपाथवर उभा राहून घड्याळ बघत होतो. आणि ही, माझी बायको, रस्ता ओलांडून पावलं मोजत गेली आणि पलीकडून ओरडली, "काका, मग सेकंड इथे येईल का?" तिचे केस वाऱ्यानं उडत होते. एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी तिला लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

कुंपण तिनंच शोधलं. चौथ्या की पाचव्या महिन्यात. काका मॅचचं वृत्त वाचायचे. ही कुठलंही वर्तमानपत्र मागच्या पानापासून, जाहिरातींपासून वाचते. कोल्हापूरलाही तसंच वाचायची, लग्नाच्या, भांड्यांच्या, क्लासच्या जाहिराती आधी. ट्रेंटनच्या एका लाकूडवाल्याची पोस्टाच्या तिकिटाएवढी जाहिरात होती: बॉल ग्राउंडच्या नव्या कुंपणाला आमच्याच फळ्या वापरल्या आहेत, कोंबड्यांच्या खुराड्यालाही उत्तम. तारीख होती, मैदानाचा पत्ता होता. अकरा वर्षं काका त्या पानाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.

मी दार उघडलं तर ही जिन्यात उभी. कागद हातात, गाल लाल, आणि बोलता येईना इतकी हसत होती. मागे काका. "तुमच्या स्कोररबाईंनी शोधलं हो," ते म्हणाले, आणि खालच्या पायरीवर बसले. मला खरं म्हणजे तिला उचलून घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "अरे वा, छान. जेवायचं काय आहे?"

मी असं का म्हटलं? कारण सहा वर्षांच्या संसारात तिच्या तोंडावर हे हसू मी एकदाही आणू शकलो नव्हतो, आणि ते कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाहिरातीनं आणलं होतं. मला पोटात खरोखर दुखलं. सरळ सांगतो, कोणी तरुण, देखणा माणूस असता तर मी भांडलो तरी असतो. एका कवळीवाल्या म्हाताऱ्याशी काय भांडणार?

त्यानंतर दोन दिवस काका तळघरातून वर आलेच नाहीत. हिनं दारापाशी ठेवलेलं ताट तसंच परत आलं. सर्दी झाली असेल, असं मी म्हटलं, आणि त्यांचं ते वर न येणं मला आवडलं.

जुलैत मंडळाची पिकनिक होती, काउंटीच्या पार्कात. काकांनी हट्ट धरला की बेसबॉल खेळायचा आणि जुन्या नियमांनी. हातमोजे नाहीत, आणि चेंडूचा एक टप्पा पडल्यावर धरला तरी आउट. "अहो, हा तर आपला गल्लीतला नियम!" सगळे आनंदानं ओरडले. मी कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं ओपनर होतो. या मंडळींना आज दाखवतोच, असं मनाशी ठरवून मी बॅट घेतली. अंपायर म्हणून काकांनी हिला उभं केलं होतं.

पहिलाच चेंडू मी असा तडकावला की आवाजानंच बायका ताटं ठेवून बघायला लागल्या. आणि मी उभा राहिलो. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर पळायचं की नाही हे आपण ठरवतो. इथे पळावंच लागतं, हे मी टीव्हीवर हजार वेळा बघितलं होतं. पण हातात बॅट आली आणि सगळं विसरलो. "अरे पळ, पळ!" लोक ओरडले तेव्हा पळालो, बॅट हातात घेऊन, आणि पहिल्या बेसपाशी पोहोचून ती क्रीझमध्ये टेकवावी तशी जमिनीला टेकवली. चाळीस माणसं पोट धरून हसली. तिकडे काका धावत मागे गेले होते. एक टप्पा पडून वर आलेला चेंडू त्यांनी दोन्ही उघड्या हातांत धरला आणि कवळी सावरत छातीशी घट्ट दाबला.

"आउट!" सगळे ओरडले.

"हा काय पोरखेळ आहे?" मी म्हटलं. "हे धरू नका. अंपायरला विचारा."

ही माझ्याकडे बघत होती. मग तिनं क्रिकेटच्या अंपायरसारखं बोट वर केलं. हळूहळू, अगदी सरळ. सगळ्या मंडळापुढे.

पुढच्याच आठवड्यात टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून फोन आला. तिथून जवळच, शुगर लँडमध्ये तेलाच्या कंपनीत माझ्या कॉलेजचा एक मित्र होता, तो कधीपासून म्हणत होता की इकडे ये. पगार जास्त, घरं स्वस्त. मी फोनवरच हो म्हटलं. ऑफर लेटरवर सही करून पाठवलं. हिला सांगितलं ते त्यानंतर.

तोवर आमचं ग्रीन कार्ड आलं होतं. ट्रेंटनच्या लायब्ररीनं हिला आठवड्यातले तीन दिवस मायक्रोफिल्मचं कॅटलॉग करायचं काम देऊ केलं होतं. आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला जुन्या बेसबॉलच्या हौशी अभ्यासकांची एक बैठक होती, तिथे कुंपणावरचा निबंध वाचायचा होता. काकांनी तो टाइप केला होता. मी बघितला होता. दोन नावं होती, आणि हिचं वर होतं.

"मला विचारलंस?" हिनं एवढंच म्हटलं.

"अगं, तुझ्यासाठीच करतोय. मोठं घर, तुला स्वतःची गाडी. तिकडे आपली किती माणसं आहेत!"

"क्लबचे मालक पण हेच म्हणायचे," ही म्हणाली.

मी चिडलो. म्हातारा तुझं डोकं फिरवतोय, असं काहीतरी बोललो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. खाली काकांना सगळं ऐकू जात होतं, आमच्या घराची जमीन पातळ होती. दुसऱ्या दिवशी ते वर आले, बो-टाय लावून, आणि माझ्याशी बोलले. हिच्याशी नाही.

"मी निबंध एकटा वाचतो," ते म्हणाले. "स्कोररबाईंना न्या तुम्ही. नवीन जागी दोघं एकत्र गेलेलं बरं."

मी जिंकलो, असं मला वाटलं. पण ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "निबंध मी वाचणार," ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही माझ्याबद्दल त्याच्याशी कसं काय ठरवताय?" काका खाली मान घालून निघून गेले. मला तेवढ्यातही आनंद झाला, की चला, त्यांनाही बोलणी बसली.

ऑगस्टमध्ये मी एकटा शुगर लँडला गेलो. ऑक्टोबरची बैठक झाली की ये, मी म्हटलं. बघू, ही म्हणाली. तिथली दमट गरमी, पार्किंग लॉटवर चिकटणारे बूट, रोजची खिचडी. संध्याकाळी फोन केला की ही भरभरून बोलायची: आज लायब्ररीत अमुक सापडलं, काकांनी तमुक सांगितलं. मी म्हणायचो, "इकडे अपार्टमेंटला स्विमिंग पूल आहे."

बैठकीसाठी मी न सांगता विमानानं आलो. ती संपल्यावर हिला बरोबर घेऊन जायचं, असं ठरवून आलो होतो. एका जुन्या हॉटेलातली मागची खोली, चाळीसेक गोरे, बहुतेक म्हातारे. मी शेवटच्या रांगेत बसलो. काका पहिल्या रांगेत होते. ही उठली, हिरवी साडी, हातात कागद. पहिली दोन वाक्यं थरथरली. मग कोंबड्यांचं खुराडं आलं, लोक हसले, आणि तिनं कागदावरून मान वर केली ती पुन्हा खाली घातलीच नाही. काकांचं डोकं तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर डोलत होतं. माझ्या बायकोला मी ओळखत नव्हतो, हे मला शेवटच्या रांगेतून स्वच्छ दिसलं.

वाचून झाल्यावर एका पांढऱ्या दाढीवाल्यानं प्रश्न विचारला, तो हिला नाही, काकांना. ही जाहिरात तुम्हाला कशी सापडली, सर?

काका उठले. "मला सापडली नाही," ते त्यांच्या सांगलीच्या इंग्रजीत म्हणाले. "मी अकरा वर्षं शोधत होतो. यांना काही महिन्यांत सापडली. मी दोन दिवस जेवलो नाही. या खोलीत माझ्याइतका जळणारा माणूस दुसरा नसेल. तेव्हा कृपा करून त्यांनाच विचारा." आणि ते खाली बसले.

सगळी खोली हसली. मला हसू आलं नाही. काकांना त्या खोलीतलं पुरतं माहीत नव्हतं, पहिला नंबर मागच्या रांगेत बसला होता. मी आणि तो म्हातारा एकाच बाईपायी, एकाच जाहिरातीपायी जळलो होतो. त्यांनी दोन दिवस उपाशी राहून तिचं नाव स्वतःच्या नावाच्या वर टाइप केलं. मी नोकरी बदलली.

मी पुढे गेलो. तिच्याभोवती पाच-सहा जण उभे होते आणि ती हातवारे करत फळ्यांची उंची सांगत होती. मला बघून थांबली. तिला आश्चर्य वाटलं, मग खरंच आनंदही झाला, तो मला दिसला. तिनं माझा हात धरून मला त्या दाढीवाल्यापुढे उभं केलं.

"हे माझे मिस्टर," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. "हे टेक्सासला असतात."

त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला आणि विचारलं, तिकडे अजून उकडतंय का? मी म्हटलं, हो, फार.